खरेदीखत आणि संपलेला करार: ब्रिटिश रेल्वे दोनदा सरकारी झाली, ती कशी?

ब्रिटनमधल्या प्रवासी गाड्या पुन्हा सरकारकडे येताहेत म्हटलं, की जाणत्या माणसाला १९४८ आठवतं. दोन्हींना 'राष्ट्रीयीकरण' म्हणतात खरं, पण व्यवहार अगदी वेगळे आहेत.

१९४८ मध्ये झालं ते खरेदीखत. १९४७ च्या वाहतूक कायद्यानुसार ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस आणि एलएनईआर या चार बड्या कंपन्यांचे रूळ, स्थानकं, इंजिनं, डबे, इतकंच काय, हॉटेलं आणि गोद्यासुद्धा १ जानेवारीला सरकारच्या झाल्या. भागधारकांना मोबदल्यात ३ टक्के व्याजाचे सरकारी रोखे मिळाले.

आताचा, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चा कायदा आपल्या लीव्ह अँड लायसन्ससारखा आहे. मुदत संपली, की खासगी कंपनीला नवा करार नाही. १९९३ च्या कायद्याने खासगीकरण झालं तेव्हा या कंपन्यांना मिळाला होता तो ठरावीक वर्षं गाड्या चालवण्याचा ठेका. रूळ त्यांचे कधीच नव्हते. ते सांभाळणारी रेलट्रॅक ही वेगळी खासगी कंपनी २००१ मध्ये कोलमडली आणि पुढच्या वर्षी रूळ नेटवर्क रेलकडे (आता ही सरकारी संस्था आहे) गेले. डबेही बहुतेक भाड्याचेच, एंजल, पोर्टरब्रुक, एव्हरशोल्ट यांच्याकडून घेतलेले. त्यामुळे २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वे या कायद्याखाली सर्वांत आधी सरकारकडे आली, तेव्हा विकत घ्यावं असं फारसं काही नव्हतंच.

मग एलएनईआर (१९४८ मधल्या कंपनीचं नाव घेतलेली आजची प्रवासी सेवा) २०१८ पासून सरकारकडे आहे, नॉर्दर्न २०२० पासून, त्याचं काय? ठेकेदार अडचणीत आला म्हणून नाइलाजाने उचललेली ती पावलं होती. आता तोच रिवाज झाला, आणि मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मालगाड्या, तसंच लुमो, हल ट्रेन्स यांच्यासारख्या ठेक्याबाहेर स्वतःच्या जोखमीवर धावणाऱ्या गाड्या मात्र खासगीच राहतात.

मालकी वेगळी आणि कारभार वेगळा, हे मुंबईने फार पूर्वी पाहिलंय. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) रेल्वे सरकारने १९०० मध्ये विकत घेतली, पण ती चालवत राहिली लंडनची तीच कंपनी. कारभार हाती यायला १९२५ उजाडलं. ब्रिटनमध्ये आता उलटं घडतंय. कारभार आधी आलाय आणि डब्यांचं भाडं अजून खासगी मालकांनाच जातंय. तिकीट स्वस्त होईल या आशेवर असलेल्या प्रवाशांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ठेकेदाराचा नफा वाचेल, डब्यांचं हे भाडं वाचणार नाही.