न्यूट गिंगरिच आणि गप्प बसलेलं सभागृह

१९ जानेवारी २०१२. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकांची डिबेट सुरू होती. सीएनएन वाहिनीच्या जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो प्रतिनिधीगृहाचे माजी अध्यक्ष न्यूट गिंगरिच यांना, त्यांच्या आधीच्या पत्नीने केलेल्या आरोपांबद्दल. गिंगरिच उसळले. राष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटची सुरुवात तुम्ही असल्या विषयाने करताच कशी, असं म्हणत त्यांनी अख्ख्या माध्यमांनाच धारेवर धरलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. आरोपांचं खंडन त्यांनी केलं, पण तेवढ्यापुरतंच. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या टाळ्या. दोन दिवसांनी गिंगरिच यांनी ते राज्य त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्यापेक्षा १२ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकलं.

पुढच्याच सोमवारी फ्लोरिडात, टँपाला, एनबीसीची डिबेट झाली. सूत्रसंचालक ब्रायन विल्यम्स यांनी प्रेक्षकांना टाळ्या न वाजवण्याची विनंती केली होती आणि प्रेक्षकांनी ती पाळलीही. माणूस तोच, आवेश तोच, पण त्या रात्री गिंगरिच फिके वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टीव्हीवर चक्क तक्रार करत होते: प्रेक्षकांना गप्प बसवणाऱ्या डिबेटमध्ये आपण यापुढे भाग घेणार नाही. वाहिनीवर त्यांचा राग होता, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ही प्रायमरीची निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायचं. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठींच्या दारात ठरते, त्यामुळे हा प्रकार जरा अनोळखी. (मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा बऱ्याच मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा कानावर आला असेल.) मुख्य निवडणुकीत बहुतेक मतदार पक्ष बघून आधीच एका बाजूला असतो; डिबेटने त्याचं मत हलणं कठीण. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, धोरणंही थोड्याफार फरकाने सारखीच. पक्षाची खूण कामाला येत नाही, म्हणून मतदार इतर खुणा शोधतो. आत्मविश्वास, चेहरा, हजरजबाबीपणा. आणि इतरांना कोण आवडतंय, हेसुद्धा.

या शेवटच्या खुणेचा जोर किती, हे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन फाइन, जॉर्ज गोथल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसतं. त्यांनी १९८४ च्या मुख्य निवडणुकीतली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल यांची डिबेट घेतली. रेगन तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि वयाचा प्रश्न येणार हे उघडच होतं. तो आल्यावर ते शांतपणे म्हणाले की, मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा करणार नाही. प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. सभागृहात हशा पिकला. खुद्द मॉन्डेल हसले.

संशोधकांनी या डिबेटच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तयार केल्या. एक मूळची. दुसरीत रेगन यांचे असे गाजलेले टोमणेच कापून टाकलेले. तिसरीत टोमणे जसेच्या तसे, फक्त प्रेक्षकांचा हशा आणि टाळ्या काढलेल्या. सर्वसाधारण अंदाज असा की, टोमणे काढले की रेगन यांचं नुकसान होणार. प्रत्यक्षात मोठा फटका बसला तो तिसऱ्या आवृत्तीत. हशाशिवाय तोच विनोद पोरकट आणि उर्मट वाटला असावा. रिकाम्या नाट्यगृहात विनोद फुकट जातो, हे आपल्या नाटकवाल्यांना कोणी सांगायला नको. पण इथे पणाला लागलेलं होतं राष्ट्राध्यक्षपद.

बरं, हसणारे कोण, हाही प्रश्न आहे. प्रायमरीच्या डिबेटमध्ये सभागृहातल्या खुर्च्या म्हणजे काही मतदारांचा नमुना नव्हे. पक्षाचे पदाधिकारी, देणगीदार, स्थानिक कार्यकर्ते यांना त्यात मोठा वाटा मिळतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये हुर्यो झाल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी स्टेजवरूनच सांगून टाकलं की हे सगळे देणगीदार आहेत. ट्रम्प यांच्या बाकी दाव्यांचं काहीही असो, हुर्यो कुठून येतेय हे घरच्या प्रेक्षकाला सांगून तिची धार बोथट करणं, ही मानसशास्त्राच्या दृष्टीने नेमकी चाल होती.

टाळ्या निदान ऐकू येतात. पडद्याच्या खालच्या बाजूला सरकणारी ती रेघ आणखी गुपचूप काम करते. निवडक मतदारांच्या हातात बटणं किंवा फिरवायच्या चकत्या देतात. वाक्य आवडलं की रेघ वर, नावडलं की खाली. ही कल्पना जुनी आहे. पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओच्या कार्यक्रमांसाठी असं यंत्र बनवलं होतं, हिरवं बटण पसंतीचं आणि लाल नापसंतीचं. तेव्हा ते आकडे संशोधकांपुरतेच राहत. आता रेघ थेट प्रेक्षकालाच दाखवतात, आणि गडबड तिथेच होते. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत संशोधकांनी १५० जणांना दोन गटांत बसवून पंतप्रधानपदाची तिसरी डिबेट थेट दाखवली. पडद्यावरची रेघ मात्र बनावट होती: एका गटाला तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकलेली, दुसऱ्याला लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांच्या. क्लेगवाल्या गटात जवळपास ८० टक्क्यांना क्लेग जिंकले असं वाटलं. ब्राउनवाल्या गटात सर्वाधिक पसंती ब्राउन यांना. डिबेट एकच, शब्द तेच. वाहिन्यांनी ही रेघ दाखवूच नये, असं माझं मत आहे.

उरलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या बातम्या करतात. १९७६ च्या मुख्य निवडणुकीच्या डिबेटमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्याच रात्री फोन केलेल्या मतदारांना त्यात फारसं काही खटकलं नव्हतं. दिवसभर ती चूक बातम्यांत घोळवली गेल्यावर विचारलं, तर प्रतिस्पर्धी जिमी कार्टर मोठ्या फरकाने जिंकले असं लोक सांगू लागले. २०१६ च्या त्याच न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये इच्छुकांपैकी मार्को रुबियो यांनी ओबामांबद्दलचं एक वाक्य जवळजवळ शब्दशः पुन्हा पुन्हा म्हटलं आणि दुसरे इच्छुक ख्रिस क्रिस्टी यांनी ते पाठांतर जागच्या जागी पकडलं. पुढचे तीन दिवस तीच चित्रफीत फिरत राहिली. आधीच्या आयोवा राज्यातल्या लढतीत तिसरे आलेले रुबियो इथे पाचवे आले. क्रिस्टी सहावे आले आणि घरी गेले. पकडणाऱ्याला बक्षीस मिळतंच असं नाही.

अशा गोष्टींवरून सरळ नियम काढायचा मोह होतो, पण खऱ्या निवडणुकीत एकाच वेळी दहा गोष्टी बदलत असतात. टँपानंतर तीनच दिवसांनी जॅक्सनव्हिलला टाळ्यांना पूर्ण मुभा होती, आणि तिथेही गिंगरिच यांना रॉम्नींनी निष्प्रभ केलं. त्यात फ्लोरिडात रॉम्नींच्या बाजूने जाहिरातींचा मारा चालू होता. ३१ जानेवारीला गिंगरिच तिथे हरले, त्यात टँपाच्या शांततेचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या कापलेल्या फिती आणि खोट्या रेघा लागतात.

अशा प्रयोगांतला सगळ्यात गमतीचा डॅनियल बेंजामिन आणि जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांनी गव्हर्नरपदाच्या ५८ निवडणुकांमधल्या डिबेटचे दहा सेकंदांचे तुकडे, आवाज बंद करून, उमेदवारांची ओळख नसलेल्या लोकांना दाखवले आणि कोण जिंकलं असेल ते विचारलं. नुसत्या हावभावांवरून केलेले अंदाज नाणेफेकीपेक्षा बरेच चांगले निघाले. मग आवाज चालू केला. आता उमेदवार कोणत्या पक्षाचा, कोणत्या बाजूने बोलतोय हे लोकांना जास्त कळू लागलं, आणि कोण जिंकणार याचे अंदाज मात्र बिघडले. संशोधकांचं म्हणणं असं की, धोरण कानावर पडताच माणूस इतरांना कोण आवडेल हे बघायचं सोडून स्वतःला काय पटतं त्याकडे वळतो.