पानं छाटल्याने केळीचा घड भरतो का?

‘केळीची पानं छाटा, सगळी ताकद घडात उतरेल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. होतं उलटंच. घड पोसणारं अन्न हिरव्या पानांतच तयार होतं, आणि केळ एकदा निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की नवं पान येत नाही. खात्री करायची तर त्या दिवशी पानं मोजून ठेवा. आकडा पुढे कमीच होत जाईल. निसवताना निदान 8 हिरवी पानं हवीत, नाहीतर केळी बारीक राहतात. काढायचं ते वाळलेलं, करपा रोगाने निम्म्याहून जास्त गेलेलं किंवा घडाला घासणारं पान.

ताकद खातात ती बुंध्याजवळची पिलं, म्हणजे बाजूला फुटणारे कोंब. एक जोमदार ठेवून बाकीची विळ्याने जमिनीलगत कापा. ती पुन्हा फुटतातच, म्हणून दर 15-20 दिवसांनी. शेवटची फणी उघडली की केळफूलही उतरवा, भाजी होते.