हाताने रंगवलेली विणकामाची लोकर

कातलेली लोकर लडीच्या स्वरूपात, थोड्या थोड्या खेपेने, पातेल्यात बुडवून किंवा कुंचल्याने रंग सोडून रंगवली म्हणजे तिला हातरंगणीची लोकर म्हणतात. गिरणीत सर्व लडी एकसारख्या उतरणे महत्त्वाचे असते. हातरंगणीत छटांचा चढउतार हेच वैशिष्ट्य समजले जाते.

अशा लोकरीच्या विणकामाची प्राचीनता वादग्रस्त आहे. इजिप्तमधील अँटिनोपोलिस येथील उकिरड्यात सापडलेला, लहान मुलाच्या डाव्या पायाचा पट्टेदार मोजा ब्रिटिश म्युझियममध्ये असून तो साधारणपणे इसवी सन ३०० च्या सुमाराचा मानतात. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्याचा अंगठा वेगळा ठेवलेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीनुसार त्यातील सर्व छटा तांबडा, निळा व पिवळा अशा तीनच वनस्पतिज रंजकांपासून साधल्या होत्या. मात्र तो नोलबिंडिंग या एका सुईच्या, फासे ओढून करायच्या पद्धतीचा आहे. दोन सुयांवरील विणकामाचे उपलब्ध जुने नमुने इजिप्तमधलेच, पण बहुतांशी निळे-पांढरे व सुती असून त्यांचा काळ अकरावे ते चौदावे शतक असा सैलपणेच सांगता येतो. जुन्या लेखनात या दोन पद्धतींची गल्लत आढळते. हा मोजा रंगणीच्या इतिहासात धरावा, विणकामाच्या नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आधुनिक काळात उरुग्वेतील ग्रामीण स्त्रियांच्या, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मानोस देल उरुग्वे’ या सहकारी उपक्रमाची हातरंगणीची लोकर परदेशांतही पोहोचली.

लोकरीतील केरॅटिन या प्रथिनावर व्हिनेगर किंवा सायट्रिक अम्लाच्या पाण्यात धन विद्युत् भार येतो आणि ऋण भाराचे अम्ल रंजक त्याला धरून बसतात. उकळीच्या जरा खाली तापवत ठेवल्यावर पातेल्यातील पाणी नितळ दिसू लागले, की रंग पुरता शोषला गेला असे समजतात. मंजिष्ठेसारख्या रंजकांना तुरटीचा रंगबंध (रंजक तंतूला पक्के धरवणारा पदार्थ) लागतो. निळीचे तसे नाही: तिचे अविद्राव्य कण तंतूत नुसते अडकून राहतात, म्हणून विणताना बोटे व सुया निळ्या होतात. हा रंग जाण्याचा दोष नसून पृष्ठभागावरील कण घासले जाण्याचा परिणाम होय.

एकाच खेपेतील लडीही तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणतात. धुण्यासाठी गार पाणी आणि अल्कविरहित (अल्क म्हणजे अम्लाच्या उलट गुणाचा, सोड्यासारखा पदार्थ) साबण किंवा रिठ्याचे पाणी वापरावे, कारण अल्कामुळे अम्ल रंजक सुटतात. चोळल्यास व गरम पाण्यात बुचकळल्यास लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. पिळण्याऐवजी टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे व विणलेला कपडा सावलीत आडवा पसरून वाळवावा. पहिल्या धुण्यात गडद लाल किंवा मोरपिशी रंगाचे जादा रंजक उतरणे संभवते; त्या वेळी पाण्यात व्हिनेगर घालण्याची रूढ सूचना उष्णतेशिवाय फारशी उपयोगी पडत नाही.