ॲटर्नी जनरल कोण निवडतं, यावर बरंच काही ठरतं

अमेरिकेतल्या 50 पैकी 43 राज्यांत ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील, थेट मतदानाने निवडला जातो. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, त्याची नेमणूक करतो. मेनमध्ये विधिमंडळ त्याला निवडतं आणि टेनेसीत चक्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय. आपल्याकडे महाराष्ट्राचे महाधिवक्ता राज्यघटनेच्या कलम 165 नुसार राज्यपाल नेमतात. त्यामुळे सरकारी वकिलाच्या पदासाठी सभा, जाहिराती, देणग्या हे सगळं आपल्याला नवलाचं वाटतं. असा वकील लोकांच्या नागरी हक्कांसाठी उभा राहतो की त्यांच्याविरुद्ध, हा खरा प्रश्न.

पदाचं मूळ इंग्लंडचं आहे. राजाची बाजू कोर्टात मांडणारा वकील वसाहतींबरोबर अटलांटिकपार गेला, आणि स्वातंत्र्यानंतरही बहुतेक राज्यांत त्याची निवड सत्ताधाऱ्यांच्याच हाती राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वारं फिरलं. न्यायाधीशांपासून खजिनदारापर्यंत सगळे लोकांनीच निवडावेत, अशी मागणी जोर धरू लागली. न्यूयॉर्कने 1846 च्या राज्यघटनेत ॲटर्नी जनरलचं पद मतदारांकडे सोपवलं आणि इतर राज्यंही त्या वाटेने गेली.

यात नागरी हक्कांचा विचार कुठेच नव्हता. राज्याच्या कायद्याचा कोर्टात बचाव करणं हे या वकिलाचं पहिलं काम, आणि कायदाच भेदभावाचा असेल तर बचाव भेदभावाचाच होणार. शाळांमधल्या वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा व्हर्जिनियाचे निवडून आलेले ॲटर्नी जनरल लिंडसे आल्मंड वेगळ्या शाळांच्या बाजूने उभे राहिले. पुढे ते गव्हर्नर झाले.

अलाबामात तर प्रकरण बचावापुरतंही थांबलं नाही. फिनिक्स सिटी या शहरातली गुन्हेगारी मोडून काढू, असं सांगत ॲटर्नी जनरलपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी जिंकलेले अल्बर्ट पॅटरसन यांचा जून 1954 मध्ये गोळ्या घालून खून झाला. त्यांच्या जागी मुलगा जॉन उभा राहिला आणि निवडून आला. बापाच्या रक्ताची किंमत मोजून आलेल्या या माणसाने 1956 मध्ये, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या काळ्या नागरिकांचा बस-बहिष्कार ऐन भरात असताना, आपलं पद एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवर रोखलं. कारण काय, तर न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या या संस्थेने अलाबामात काम करण्यासाठी लागणारी नोंदणी केलेली नाही! कोर्टाने संघटनेचं काम बंद पाडलं आणि सभासदांची नावं-पत्ते मागितले. त्या काळी त्या राज्यात ही यादी उघड होणं म्हणजे सभासदाची नोकरी जाणं, कदाचित जीवही जाणं. संघटनेने बाकीची कागदपत्रं दिली, यादी दिली नाही. 10 हजार डॉलरचा दंड वाढून 1 लाख झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण अलाबामा सरकार अडून बसलं. संघटनेला राज्यात पुन्हा उभं राहायला 1964 उजाडलं. दरम्यान पॅटरसन गव्हर्नर होऊन गेले होते.

हे विसरून ॲटर्नी जनरलला हक्कांचा पहारेकरी म्हणता येत नाही. मतदार निवडतात तेव्हा कोणाला मत देता येतं हाही प्रश्न असतोच, आणि अलाबामात बहुतेक काळ्या नागरिकांना मतदानच करू दिलं जात नव्हतं.

याच पदाचं दुसरं रूप पाच-सात वर्षांतच दिसलं. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं, की मागूनही मला वकील मिळाला नाही. बचावाच्या तयारीत फ्लोरिडाने इतर राज्यांच्या ॲटर्नी जनरलना पत्रं धाडली: आमच्या बाजूने उभे राहा. गरीब आरोपीला वकील द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार वाचवायचा होता. एक पत्र मिनेसोटात वॉल्टर माँडेल यांच्याकडे पोचलं. गव्हर्नरने त्यांना 1960 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी या पदावर नेमलं होतं आणि त्याच वर्षी मतदारांनीही निवडून दिलं होतं. त्यांनी उलटंच केलं: इतरांना जोडून घेतलं आणि 22 राज्यांचं निवेदन गिडियनच्या बाजूने कोर्टात गेलं. फ्लोरिडाला साथ मिळाली फक्त अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनाची. मार्च 1963 मध्ये गिडियन जिंकला. स्वतःच्या सरकारवर खर्चाचा भार टाकणारा हक्क सरकारी वकिलांनीच मागावा, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान वाटतं.

रहिवाशांच्या वतीने भेदभावाविरुद्ध दावा लावण्याच्या अधिकाराला भक्कम आधार 1982 मध्ये मिळाला. व्हर्जिनियातल्या सफरचंदांच्या बागांत प्युर्टो रिकोच्या मजुरांना डावलून परदेशी मजूर घेतल्याची तक्रार होती आणि प्युर्टो रिकोचं सरकार आपल्या माणसांसाठी कोर्टात गेलं. तसं करण्याचा त्याला अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पुढे शिकागो पोलिसांमध्ये सुधारणा घडवण्याच्या प्रकरणात केंद्राने पाय मागे घेतला, तेव्हा 2017 मध्ये इलिनॉयच्या लिसा मॅडिगन यांनी स्वतःच्याच राज्यातल्या त्या शहरावर दावा लावला. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनाचा खटला 2020 मध्ये गव्हर्नरने मिनेसोटाच्या कीथ एलिसन यांच्याकडे दिला. दोघंही निवडून आलेले.

न्यू जर्सीची घडण वेगळी आहे, आणि तिथे मराठी घरं बरीच असल्याने ती नीट समजून घ्यावी अशी. गव्हर्नर ॲटर्नी जनरल नेमतो आणि राज्याची सिनेट त्याला संमती देते. भेदभावाच्या तक्रारी पाहणारा नागरी हक्क विभाग याच माणसाच्या हाताखाली, आणि राज्य पोलीसही त्याच्याच हाताखाली. एप्रिल 1998 मध्ये टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर चार तरुणांच्या व्हॅनवर पोलिसांनी 11 गोळ्या झाडल्या. हे तरुण काळे आणि लॅटिनो होते, बास्केटबॉलच्या शिबिराला निघाले होते. वर्षभराने ॲटर्नी जनरल पीटर व्हर्निएरो यांच्या कार्यालयाने अहवालात कबूल केलं, की वंश पाहून गाड्या अडवणं ही कल्पना नसून वस्तुस्थिती आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राशी झालेल्या करारान्वये राज्य पोलीस देखरेखीखाली आले.

गुरबीर सिंग ग्रेवाल यांना 2018 मध्ये याच पदावर नेमलं गेलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचे ते पहिले शीख ॲटर्नी जनरल. तिथल्या मतदाराला या पदासाठी शिक्का मारायला मिळत नाही. त्याने पाहायचं ते गव्हर्नरच्या निवडणुकीकडे. आणि घर भाड्याने घेताना किंवा नोकरीत भेदभाव झाला, तर नागरी हक्क विभागाकडे तक्रार 180 दिवसांच्या आत गेली पाहिजे.