खुब्याची नस जाळायची आयडिया आली कुठून

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली खुबा झिजलेली माणसं बेळगावला नाहीतर कोल्हापूर-मिरजेला दाखवायला गेली की हल्ली कधीकधी 'रेडिओफ्रिक्वेन्सी' ऐकून येतात, म्हणजे सुई घालून दुखणं मेंदूपर्यंत पोचवणारी नस जाळायची, आणि घरातली म्हातारी लगेच विचारते की म्हणजे डाग देणारेत काय रे. तसं नाही, पण हे काल-परवाचंही नाही.

१८६० च्या दशकात जॉन हिल्टन नावाच्या इंग्लिश सर्जननं सांगितलं की सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जी नस जाते तिचीच फांदी सांध्यालाही जाते. खुब्याला पुढनं फेमोरल आणि ऑब्ट्युरेटर या नसांच्या फांद्या येतात, त्याच नसा खाली गुडघ्याकडंही जातात, म्हणून खुबा खराब असताना माणूस गुडघ्यालाच तेल चोळत बसतो आणि गुडघ्याच्या एक्सरेत काही खास सापडत नाही.

१९३३ मध्ये स्वीडनच्या कामित्झनी दुखणं थांबवायला ऑब्ट्युरेटर नस कापण्याबद्दल लिहिलं. पण अख्खी नस कापली की मांडी आत ओढणारे स्नायूही ढिले पडणार, हा तोटा होताच. मग १९६२ मध्ये इंग्लंडात चार्नलींचा कृत्रिम खुबा आला, तो इतका चालला की नसांचा विषय मागंच पडला, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं कारण झिजलेला सांधा बदलणं हाच खरा इलाज.

पण हार्टचा त्रास असलेल्यांचं, भूल न झेपणाऱ्यांचं काय? १९७० च्या दशकात मणक्याच्या सांध्यांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी वापरात आली होती, सुईच्या टोकाला साधारण ८० डिग्री उष्णता, मिनीट-दीड मिनीट, तेवढीच बारीक फांदी निकामी. २००१ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे खुब्यावर केल्याचं छापून आलं. तरी या उपचारात गुडघाच पुढं गेला, २०११ च्या कोरियन अभ्यासानंतर तर जास्तच, कारण खुबा खोल आणि पुढनं मोठी रक्तवाहिनी. २०१८ मध्ये कॅनडातनं सोनोग्राफीवर बघून द्यायचा पेंग ब्लॉक, म्हणजे खुब्याच्या पुढच्या फांद्या बधिर करायचं इंजेक्शन, आला, तोही मुळात खुबा मोडलेल्यांसाठी, पण पुढच्या फांद्या हाडावर नेमक्या कुठनं जातात हे त्यामुळं डॉक्टरांना सोपं झालं.

आधी बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघतात, आराम पडला तरच जाळतात. नस परत वाढते, म्हणून आराम काही महिन्यांचा. आणि दुखणं मागं कुल्ल्यात असेल तर फायदा कमी, तिकडच्या नसा वेगळ्या आणि पायाची मोठी सायटिक नस जवळ, म्हणून सहसा तिथं सुई नेत नाहीत.