‘खाणावळ’ म्हणजे काय? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे नव्याने येणारे ग्राहक बहुधा मेनूकार्ड मागतात आणि महिना लावायचा म्हणजे नेमके काय, असे विचारतात. दोन्हींचे उत्तर पाटीवरील शब्दातच असल्यामुळे तो येथे उलगडून सांगत आहोत.

शिंप्याला द्यायची ती शिवणावळ, गिरणीवाल्याला द्यायची ती दळणावळ, सोनाराला द्यायची ती घडणावळ. ‘खाणे’ या क्रियापदापासून झालेला ‘खाणावळ’ हा शब्द त्याच घडणीचा आहे, आणि म्हणूनच ठरलेल्या पैशांत ठरलेले जेवण हा व्यवहार त्याच्या अर्थात पहिल्यापासून आहे. ‘खानावळ’ हे रूपही आता सर्रास चालते. आम्ही मूळ क्रियापदाला धरून ‘ण’ लिहितो. ‘जेवणावळ’ मात्र निराळी, कारण तेथे पंगतीचा खर्च यजमान करतो.

या व्यवहाराचे खरे मोठेपण मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत, आणि चाळीतलीच एखादी बाई पाळीच्या वेळा सांभाळून त्यांना दोन्ही वेळचे जेवण घालत असे. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर चढे आणि प्रसंगी सावकाराच्या भरमसाट व्याजाचे ओझेही तिलाच वाहावे लागे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आमच्या मते खाणावळीच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम तेच आहे. 1982 च्या संपात गिरण्यांचे पगार थांबले, तेव्हा त्या पगारावर चालणाऱ्या चुलींनाही त्याची झळ बसली.

आम्ही ही पद्धत जपली आहे. येथे मेनूकार्ड नाही. चपाती किंवा भाकरी, एक सुकी व एक रस्सा भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असे त्या दिवशी शिजलेले जेवण सर्वांना सारखेच वाढले जाते. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले जातात, त्यामुळे किराणा रोखीने भरता येतो. आपण जेवायला येणार नसल्यास आदल्या रात्री कळवावे, म्हणजे कणीक त्या बेताने भिजवता येते आणि तो खाडा आपल्या हिशेबातून वजा होतो.