हादरणारी जमीन आणि सरकणारी जमीन : गॅस वाहिनीच्या भूकंप-धोक्याचे दोन हिशेब

जमिनीखालून जाणाऱ्या उच्च दाबाच्या गॅस वाहिनीच्या सुरक्षा अहवालात 'भूकंप' या मथळ्याखाली पुष्कळदा एकच परिच्छेद असतो. वाहिनी कोणत्या भूकंपप्रवण क्षेत्रात येते, तेथे जमिनीचे कमाल त्वरण किती धरले आहे आणि त्या मानाने नळीची जाडी पुरेशी आहे, एवढे त्यात नोंदवलेले असते. हा परिच्छेद चुकीचा नसतो. मात्र त्यात दोनपैकी एकाच धोक्याचा विचार झालेला असतो, आणि तोही बहुधा कमी घातक धोक्याचा.

पहिला धोका हादऱ्यांचा. भूकंपलहरी जमिनीतून जातात, त्या जात असताना माती ताणली आणि दाबली जाते आणि लहर पुढे सरकली की ती जवळपास पूर्वीच्या जागी परतते. दुसरा धोका जमिनीच्या कायमच्या विस्थापनाचा. भ्रंशाच्या, म्हणजे खडकातील मोठ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकतात, द्रवीकरण झालेला, म्हणजे हादऱ्याने द्रवासारखा पातळ झालेला, ओल्या वाळूचा थर उताराकडे पसरतो किंवा दरड खाली येते, आणि भूकंप थांबल्यावरही जमीन त्या नव्या जागीच राहते. भूकंप एकच असला तरी त्यातून निघणाऱ्या या दोन मागण्या नळीला अगदी वेगळ्या रीतीने सोसाव्या लागतात.

इमारतीच्या सवयीने विचार करणाऱ्या अभियंत्याला हादरा अधिक भीतिदायक वाटतो, कारण इमारत पायाशी हलते आणि वर झुलते. पुरलेल्या नळीला झुलायला वावच नसतो. चारही बाजूंनी माती तिला धरून ठेवते आणि माती जशी हलेल तशी ती हलते. म्हणून येथे त्वरणापेक्षा जमिनीच्या कणांचा वेग महत्त्वाचा ठरतो. ढोबळ हिशेबात हा कमाल वेग लहरीच्या जमिनीलगतच्या भासमान प्रसारवेगाने भागला की मातीतील, आणि पर्यायाने नळीतील, सापेक्ष ताण, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडणारा फरक, मिळतो. जमिनीचा वेग सेकंदाला 1 मीटर, म्हणजे अतिशय जोरदार हादरा, आणि प्रसारवेग सेकंदाला 2,000 मीटर धरला तर उत्तर येते 0.05 टक्के. वाहिन्यांसाठी वापरले जाणारे सर्वसाधारण पोलाद सुमारे 0.2 टक्क्यांच्या आसपास नमू लागते, म्हणजे पुन्हा मूळ आकारात येत नाही, आणि चांगले वेल्ड असतील तर फुटण्यापूर्वी त्याच्या कित्येक पट ताणले जाते. या तफावतीमुळेच चांगल्या जोडांची पोलादी वाहिनी केवळ हादऱ्यांनी क्वचितच फुटते.

अर्थात भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर वाढते. 1985 च्या भूकंपात मेक्सिको सिटीजवळ जुन्या सरोवराच्या मऊ गाळात पुरलेली एक पोलादी जलवाहिनी लहरींमुळेच चुरगळली, कारण अशा गाळातून पृष्ठलहरी फार मंद गतीने जातात आणि त्यामुळे थोड्या अंतरातच जमिनीच्या हालचालीत मोठा फरक पडतो. जुने ऑक्सि-ॲसिटिलीन वेल्ड, गंजलेले भाग, तीव्र वाकणे, मऊ मातीतून खडकात शिरण्याची जागा, जमिनीवर आलेले झडपांचे उभे नळ आणि कॉम्प्रेसर स्थानकातील यंत्रे येथेही हादऱ्याचा हिशेब गांभीर्याने करावा लागतो.

विस्थापनाच्या हिशेबात असा भागाकार नसतो. येथे प्रश्न असा की जमीन दीड मीटर सरकली तर तेवढी लांबी नळीने कोठून आणायची? उत्तर मातीच्या पकडीवर अवलंबून असते. पकड सैल असेल तर ताण शेकडो मीटर लांबीवर वाटला जातो. पकड घट्ट असेल तर तो भ्रंशालगतच्या थोड्या लांबीत साचतो. त्यातही नळी ताणली जाणे आणि दाबली जाणे यांत मोठा फरक आहे. ताणात चांगले पोलाद काही टक्क्यांपर्यंत लांबू शकते, तर दाबाखाली नळीच्या पातळ भिंतीला त्याहून बऱ्याच आधी सुरकुत्या पडतात. त्यामुळे भ्रंश सरकल्यावर नळी ताणली जाईल अशा कोनात ती ओलांडून न्यावी, त्या भागात वाकणे आणि पक्के आधार टाळावेत, चर उथळ व उताराच्या बाजूंचा ठेवून तो सैल वाळूने भरावा, असे नियम निघाले. येथे माती जितकी घट्ट ठोकाल तितके वाईट, हे बांधकामाच्या नेहमीच्या शिस्तीला उलटे वाटते. द्रवीकरणाच्या जागी आणखी एक अडचण असते : गॅसने भरलेली नळी पाण्याने भरलेल्या नळीपेक्षा खूपच हलकी असल्याने पातळ झालेल्या मातीत ती वर तरंगू लागते.

दोन्ही धोके एकाच शहरात शेजारी शेजारी दिसले ते 17 जानेवारी 1994 रोजी, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भूकंपात. 6.7 मॅग्निट्यूडच्या या भूकंपात भ्रंश पृष्ठभागापर्यंत पोहोचलाच नाही. तरीही ग्रॅनडा हिल्समधील बाल्बोआ बुलेव्हार्डखालची जमीन उताराच्या दिशेने सरकली. सरकलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला ती फाटली आणि खालच्या टोकाला दाबली गेली. 1930 च्या सुमारास घातलेली 22 इंची गॅस वाहिनी तेथे फुटली, मोठ्या जलवाहिन्याही फुटल्या, आणि पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पेटलेल्या गॅसने घरे जळाली. त्याच रस्त्याखालून जाणाऱ्या नव्या वेल्डच्या वाहिन्या मात्र टिकल्या. हादरा तर साऱ्या खोऱ्याला बसला होता; ही नळी जेथे फुटली ती जागा मात्र जमीन सरकलेल्या पट्ट्यातच होती. ज्ञात भ्रंश मार्गात नाही म्हणून विस्थापनाचा विचार नको, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

याउलट, सरकण्याचा अंदाज आधी घेतला तर काय साधते, हे अलास्कात दिसले. तेथील ट्रान्स-अलास्का वाहिनी तेलाची आहे, पण यांत्रिकी तीच. डेनाली भ्रंश ओलांडताना ती जमिनीवर, लांब आडव्या तुळयांवर सरकू शकेल अशा आधारांवर ठेवली होती, आणि आडवे 20 फूट व उभे 5 फूट विस्थापन गृहीत धरले होते. 3 नोव्हेंबर 2002 रोजी 7.9 मॅग्निट्यूडच्या भूकंपात जमीन तेथे सुमारे 14 फूट आडवी सरकली. काही आधारांचे नुकसान झाले, तेल मात्र सांडले नाही.

नियम या दोघांत फरक करतात का? अमेरिकेत गॅस वाहिन्यांना संघीय नियमसंहितेच्या 49व्या शीर्षकातील भाग 192 लागू होतो. त्यातील 192.317 हे कलम पूर, अस्थिर माती, दरडी आणि वाहिनीला हलवू शकणाऱ्या किंवा तिच्यावर असाधारण भार आणणाऱ्या इतर धोक्यांपासून संरक्षणाचे व्यवहार्य ते सर्व उपाय करण्याची जबाबदारी वाहिनी चालवणाऱ्या कंपनीवर टाकते. हादरा किती धरावा, विस्थापन किती धरावे, याचे सूत्र ते देत नाही. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या स्थानकांसाठीचा भाग 193 जसा भूकंपाच्या हालचालीचे ठरावीक स्तर मागतो, तसे येथे नाही. कॅलिफोर्नियात 1972 च्या कायद्याने सक्रिय भ्रंशांचे आणि 1990 च्या कायद्याने द्रवीकरण व दरडींचे पट्टे नकाशावर आले. भ्रंशांचा कायदा राहत्या इमारतींसाठी केलेला असला तरी वाहिनीचा मार्ग आखणाऱ्याला खरी गरज या दोन नकाशांची असते. हादऱ्याचा राष्ट्रीय नकाशा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

भारतात आयआयटी कानपूर आणि गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2007 मध्ये पुरलेल्या वाहिन्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लहरी, कायमचे विस्थापन, भ्रंश ओलांडणे आणि तरंगणे यांचे हिशेब वेगवेगळे मांडले आहेत. पण ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि आपल्याकडे चर्चेत सहसा भूकंपक्षेत्राचा नकाशाच पुढे केला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपापूर्वी किल्लारी या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती, म्हणजे हादऱ्यासाठीही तो नकाशा अखेरचा शब्द नाही. सह्याद्रीच्या घाटउतारावरून किंवा कोकणातील खाडीच्या गाळातून जाणाऱ्या वाहिनीबाबत क्षेत्र तिसरे की चौथे, यापेक्षा तो उतार भूकंपात टिकेल का आणि तो गाळ पातळ होईल का, हे प्रश्न अधिक नेमके आहेत.

भूकंपानंतरच्या तपासणीतही हा फरक उतरतो. भाग 192 मधील 2022 च्या दुरुस्तीनुसार, भूकंपाने बाधित भागात सुरक्षितपणे पोहोचता येईल असे ठरल्यापासून 72 तासांच्या आत तेथील पारेषण वाहिन्यांची (गॅस दूरवर नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची) पाहणी सुरू करावी लागते. हादऱ्याची खूण शोधायची असेल तर स्थानके, झडपा, जुने जोड आणि गळती पाहावी. विस्थापनाची खूण मात्र नळी न फुटताही मागे राहते : नळी वाकलेली असते, तिच्यात ताण साठलेला असतो, आणि वरून फक्त रस्त्यावरची भेग किंवा तिरपा झालेला कुंपणाचा खांब दिसतो. अशा जागी गळती नाही एवढ्यावर वाहिनी पुन्हा पूर्ण दाबाने चालू करू नये. आतून फिरणाऱ्या आणि स्वतःच्या हालचालीवरून नळीचा मार्ग नोंदवणाऱ्या जडत्वमापक उपकरणाने नळीची नवी रेषा मोजून जुन्या नोंदीशी ताडावी, आणि वाकण्याचा ताण मर्यादेबाहेर असेल तर नळी उघडून मोकळी करावी किंवा तेवढा भाग बदलावा.